हेर नसलेला हेर आपल्याला इतकं का हसवतो?

पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर हेरखात्याचा एक माणूस उभा आहे. साहेबांनी त्याला सांगितलंय की येणाऱ्या प्रवाशांमधला कोणीही एक निवड. अगदी कोणीही चालेल. फक्त आपल्यावर लांबून पाळत ठेवणाऱ्यांना वाटलं पाहिजे की ज्याची एवढी वाट बघत होतो तो बडा हेर हाच. प्रवासी येत राहतात. हा नको, तो नको. मग एक उंच, सोनेरी कुरळ्या केसांचा माणूस येतो. त्याच्या एका पायात काळा बूट आहे आणि दुसऱ्यात तपकिरी. ठरलं, हाच.

तो माणूस व्हायोलिन वाजवतो. वाद्यवृंदातल्या मित्रांनी थट्टा केली म्हणून त्याचे बूट वेगवेगळे आहेत, त्यात दुसरं काही नाही. पण त्या घटकेपासून त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या फायलीत जातं. घरात छुपे मायक्रोफोन बसतात, एक देखणी हेर बाई त्याच्या मागावर सोडली जाते, आजूबाजूला माणसं मरायला लागतात, आणि या सगळ्याचा त्याला पत्ताच नसतो. ईव्ह रोबेर यांचा हा सिनेमा १९७२ सालचा. नावाचा अर्थ साधारण ‘एक काळा बूट घातलेला उंच सोनेरी माणूस’. पटकथा रोबेर आणि फ्रान्सिस वेबेर यांची, व्हायोलिनवादकाच्या भूमिकेत पिएर रिशार. हॉलिवूडनं १९८५ मध्ये टॉम हँक्सला घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा बूट लाल झाला.

असा सिनेमा बघून लोक म्हणतात, ‘काय बावळट होता तो हिरो!’ मला हे पटत नाही. त्या व्हायोलिनवादकाच्या जागी तुम्ही-आम्ही कोणीही असतो तर तसेच वागलो असतो. हसू येतं ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या हुशारीमुळे, आणि ती हुशारी खरी असते म्हणूनच येतं. हे कसं, ते जरा सावकाश बघू.

समजा, हीच गोष्ट मुंबईत घडते आहे. गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर पेट्या दुरुस्त करणारा कारागीर आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. समोरच्या इराण्याकडे खिडकीपाशी दोघं बसलेत. त्यांना वरून कळवण्यात आलंय की या माणसावर नजर ठेवा, महत्त्वाचा आहे. का महत्त्वाचा, ते सांगितलेलं नाही.

सकाळी कारागीर काळ्या कापडात गुंडाळलेली पेटी घेऊन बाहेर पडतो. चर्नी रोडला येतो आणि दोन लोकल सोडून देतो, कारण गर्दीत धक्का बसला तर नुकताच चिकटवलेला भाता उसवायचा. पाळतीवरचे लिहून घेतात: ‘दोन गाड्या सोडल्या. मागे कोणी आहे का ते तपासतोय.’ दादरला उतरून तो पुलावर चढतो, पूर्वेकडे चालू लागतो, अर्ध्यातून परत फिरतो आणि पश्चिमेला उतरतो. बायकोनं वेणी आणायला सांगितल्याचं त्याला आत्ता आठवलंय. नोंद होते: ‘पाठलाग झटकण्याची जुनी पद्धत. माणूस शिकून तयार झालेला.’ फुलबाजारात तो एक वेणी उचलतो, भाव ऐकून खाली ठेवतो, पुढच्या टोपलीपाशी जाऊन दुसरी घेतो. नोंद होते: ‘पहिल्या ठिकाणी खूण केली. दुसऱ्या ठिकाणी काहीतरी हातात पडलं.’ एवढ्यात त्याचा फोन वाजतो, आणि फोनवर तर आधीपासूनच कान लावलेले आहेत.

“हो हो, काळी चारच. पांढरी दोन ठरली होती, पण बाई बदलल्या ना! पेटी मी स्वतः घेऊन येतो, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका. आतले दोन आपोआप बोलायला लागले होते, काढून टाकले. नाही हो, जर्मन आता कुठे मिळतंय, पालिताण्याचा माल घातलाय. सात वाजता कल्याण. आणि शेवट भैरवीनंच करायचा.”

गाणं-बजावणं माहीत असलेल्याला यात काही विशेष दिसणार नाही. काळी चार ही गायिकेची पट्टी, आपोआप बोलणारे सूर म्हणजे पेटीतल्या, बोट न लावताही वाजत राहणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, आणि पालिताणा हे गुजरातेतलं गाव पेटीच्या सुरांसाठीच ओळखलं जातं. पण ऐकणाऱ्याला घाम फुटलेला आहे. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख रुपये, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे. दोन माणसं ‘बोलायला लागली’ म्हणून ‘काढून टाकली’. जर्मन माल मिळत नाही म्हणून गुजरातेतून मागवला. आणि ही भैरवी कोण, तिचा ताबडतोब शोध घ्या.

आता मला सांगा, कारागिरानं यात एक तरी मूर्खपणा केला का? बरं, पाळत ठेवणाऱ्यांनी तरी काय वावगं केलं? दोन गाड्या सोडणारा, पुलावरून मागे फिरणारा माणूस त्यांच्या धंद्यात खरोखरच संशयित असतो. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी चोख वापरलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी शहाण्या आहेत, आणि त्यांच्या मधोमध एक मोठा वेडेपणा तयार झालाय जो कोणाच्याच एकट्याच्या मालकीचा नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर एक पुस्तक लिहिलं, त्यात हीच गोष्ट मांडली आहे. एकच प्रसंग एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घटनामालिकांमध्ये एकाच वेळी बसत असेल आणि त्याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ लागत असतील, तर तो प्रसंग विनोदी होतो, असं ते म्हणतात. इथे पहिली मालिका कल्याणच्या मैफिलीची आहे आणि दुसरी देशाच्या सुरक्षेची. प्रत्येक कृती दोन्हींत चपखल बसते. एखादी जरी बसली नाही तरी मजा गेली, कारण मग पाळत ठेवणारे नुसते मूर्ख ठरतील.

आपल्याकडचा विचार याच्या कितीतरी आधीचा आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. त्याचं म्हणणं असं की हास्य फक्त शृंगारातून येतं असं नाही, कुठल्याही रसाचा नुसता आभास झाला, तो अनुचित जागी लागला, की तिथे हास्य उगवतं. हेरांच्या विनोदी सिनेमात नेमकं हेच होतं. पाळत ठेवणारे मनापासून वीर आणि भयानक रसात बुडालेले असतात. त्यांचे श्वास रोखलेले, आवाज दबलेले. फक्त त्या सगळ्या थराराचा विषय आहे वेणीचा भाव करणारा एक गृहस्थ. त्यांनी थोडी जरी चेष्टा-मस्करी केली तरी रस मोडेल. म्हणून या सिनेमांत खलनायक आणि साहेब यांच्या भूमिकांना उत्तम गंभीर नट लागतात. १९७२च्या सिनेमात हेरखात्याचा प्रमुख झालेले जाँ रोशफोर आणि त्याची खुर्ची बळकावू पाहणारा दुय्यम झालेले बर्नार ब्लिए, दोघंही एखाद्या अस्सल थरारपटात असावेत तसे वागतात. माझ्या मते त्या सिनेमाचा निम्मा विनोद त्यांच्या गंभीर चेहऱ्यांत आहे.

आणि तिसरी व्यक्ती आपण, प्रेक्षक. कारागिराला हेर दिसत नाहीत, हेरांना कारागीर दिसत नाही, आपल्याला दोघंही दिसतात. थरारपटांचा बादशहा हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. प्रेक्षकाला बॉम्ब माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर तो क्षणभर दचकतो. आधीच माहीत असेल तर टेबलावर चाललेल्या रिकाम्या गप्पाही तो जीव मुठीत धरून ऐकतो. माहिती आधी देऊन ठेवण्याची ही युक्ती थरारपट आणि विनोदी सिनेमा दोघांचीही आहे. ‘पेटी मी स्वतः घेऊन येतो’ या साध्या वाक्यावर हसू येतं ते फोनवर दुसरं कोणीतरी आहे हे आपल्याला माहीत असल्यामुळे. ते कोणी नसतं तर उरलं असतं फक्त एका पेटीवाल्याचं बोलणं.

संशय हरत का नाही

आता थोडा कठीण भाग. पाळत ठेवणाऱ्यांना कुठेतरी शंका का येत नाही? पंधरा दिवस झाले, माणूस पेट्या दुरुस्त करतोय, रोज रात्री दहाला झोपतोय. कोणीतरी म्हणायला नको का, की अहो, हा पेटीवालाच आहे?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तीन आकडे दिले: २, ४, ६. हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, आम्ही फक्त बसतात की नाही ते सांगू. बहुतेकांच्या मनात लगेच आलं, दोनदोननं वाढणारे आकडे. मग त्यांनी ८, १०, १२ विचारलं. बसतात. २०, २२, २४? बसतात. झालं, खात्री पटली. खरा नियम होता ‘चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे’. १, ७, ५० सुद्धा चालले असते. पण आपला अंदाज खोटा पाडू शकेल असा प्रश्न विचारणं फार थोड्यांना सुचलं. अंदाजाला दुजोरा देणारेच प्रश्न माणूस विचारत बसतो, हा त्यातून निघालेला मुद्दा.

हेरांच्या बाबतीत याहून एक पायरी वरचं संकट असतं. समोरचा माणूस लपवणार, खोटं बोलणार, साधेपणाचं सोंग आणणार, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. त्यामुळे काही सापडलं तर पुरावा, आणि काही सापडलं नाही तर त्याहून मोठा पुरावा. ‘पंधरा दिवसांत एकसुद्धा चूक नाही! एवढा सफाईदार माणूस मी पाहिला नाही,’ असं वाक्य यातून आपोआप तयार होतं. कारागिरानं उद्या पोलिसांपुढे जाऊन हात जोडले तरी ते म्हणतील, अभिनयसुद्धा काय जबरदस्त करतो.

हे सिनेमातच घडतं असं समजू नका. यूरी नोसेंको हा सोव्हिएत गुप्तचर संघटनेचा अधिकारी १९६४ मध्ये अमेरिकेकडे पळून आला. केनेडींच्या मारेकऱ्याशी आमच्या खात्याचा संबंध नाही, असं तो म्हणाला. अमेरिकन हेरखात्यातल्या काही वरिष्ठांना वाटलं, हे सांगण्यासाठीच याला पाठवलाय. त्याला तीन वर्षांहून जास्त काळ कोंडून ठेवून चौकशी केली. त्याच्या बोलण्यात विसंगती दिसली तर तो खोटारडा, आणि विसंगती नसली तर पढवून पाठवलेला. शेवटी त्याला निर्दोष ठरवून नुकसानभरपाई दिली. वाचताना पोटात गोळा येतो, पण हे यंत्र त्या फ्रेंच विनोदी सिनेमातल्या यंत्रासारखंच आहे. फक्त इथे समोर हसणारे प्रेक्षक नव्हते.

याच यंत्राची हसरी बाजू दाखवणारी खरी गोष्टही आहे, आणि ती मला फार आवडते. हुआन पुजोल गार्सिया नावाच्या स्पॅनिश माणसाला दुसऱ्या महायुद्धात हिटलरविरुद्ध काम करायचं होतं. ब्रिटिशांनी आधी त्याला दारातच उभं केलं नाही. मग तो जर्मनांचा हेर झाला, मी इंग्लंडमधून बातम्या पाठवतो असं सांगितलं, आणि लिस्बनमध्ये बसून प्रवासी मार्गदर्शक पुस्तकं आणि रेल्वेची वेळापत्रकं चाळून अहवाल रचू लागला. ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असं त्यानं एकदा लिहून पाठवलं. ग्लासगो कुठे, वाइन कुठे! जर्मनांना ते खटकलं नाही. पुढे ब्रिटिशांनी त्याला आपल्यात घेतलं, आणि ‘गार्बो’ या टोपणनावानं त्यानं सत्तावीस हस्तकांचं जाळं उभं केलं, ज्यातला एकही माणूस अस्तित्वात नव्हता. त्यांतला एक ‘वारला’ तेव्हा इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रात मृत्यूची सूचना छापून आणली, आणि जर्मनांकडून त्याच्या नसलेल्या विधवेला निवृत्तिवेतन मिळवलं. १९४४ मध्ये पुजोलला जर्मनांनी आयर्न क्रॉस दिला आणि ब्रिटिशांनी त्यांचा किताब. दोन्ही बाजूंचा सन्मान एकाच वर्षी एकाच माणसाला. हे कुणा लेखकानं रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

नसलेला हेर ही कल्पना हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्येही आहे. तिथे हेरखात्यानं जॉर्ज कॅप्लन नावाचा माणूस नुसता कागदावर तयार केलाय. त्याच्या नावानं हॉटेलांत खोल्या घेतल्या जातात, सामान एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवलं जातं. हॉटेलातला पोऱ्या ‘मिस्टर कॅप्लन’ अशी हाक देत येतो, आणि नेमकं त्याच वेळी जाहिरातक्षेत्रातला एक माणूस तार पाठवायची म्हणून पोऱ्याला हात करतो. बघणाऱ्यांना वाटतं, हाकेला ओ दिली. झाला कॅप्लन. हात वर करण्याचा तो क्षण मी पुन्हापुन्हा बघितलाय. इतक्या छोट्या हालचालीवर एवढा मोठा डोलारा उभा राहतो, आणि तरी कुठेही ओढूनताणून वाटत नाही, कारण हात वर करायला त्याच्याकडे स्वतःचं पक्कं कारण आहे.

लिहिणाऱ्यांसाठी यात एक कडक नियम आहे. योगायोग गैरसमजाच्या सुरुवातीला एकदाच चालतो. त्यानंतर प्रत्येक घोटाळा माणसांच्या स्वभावातून आणि त्यांच्या कामातून यायला हवा. दर दहा मिनिटांनी नवा योगायोग आणला की प्रेक्षक पाठ टेकवून बसतो आणि मग त्याला कशाचंच काही वाटत नाही.

आपण तयारीचे प्रेक्षक आहोत

मराठी माणसाला हे सगळं समजायला फ्रान्सला जावं लागत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, हे त्याची बायको कृत्तिका लांबून बघते. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला बघतो. नवरा-बायको दोघांच्याही हातात आता डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे आणि दोघांचेही निष्कर्ष चुकीचे. हेरखात्याच्या फायलीपेक्षा हे वेगळं कुठे आहे? मुळात ही गोष्ट मोलिएरची, इंग्रजीतून फिरत आपल्याकडे आली. पण शंभर वर्षं झाली तरी फाल्गुनराव आपल्या शेजारचा वाटतो, कारण संशयाची ही चाल माणसाला उपजतच येते.

दुसरं उदाहरण ‘अंमलदार’चं. गोगोलचं ‘इन्स्पेक्टर जनरल’ १८३६ सालचं, पु. ल. देशपांड्यांनी १९५२ मध्ये ते मराठीत आणलं. मूळ नाटकात गावातले दोन जमीनदार खानावळीत उतरलेल्या एका फाटक्या तरुणाला सरकारी तपासनीस ठरवतात. पुरावा काय? तो पैसे देत नाही, जायचं नाव काढत नाही, आणि आमच्या ताटांत डोकावून बघत होता. खरं कारण हे की तो उपाशी आहे. पण ज्यांच्या मनात आधीच धास्ती आहे त्यांना भुकेल्या नजरेत सरकारी नजर दिसते. इथे एक बारकावा आहे जो हेरांच्या सिनेमांतही सापडतो: फसतात ते पापी लोक. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही आहे त्यांनाच समोरच्याच्या साधेपणाची भीती वाटते. त्या फ्रेंच सिनेमातसुद्धा दुय्यम अधिकारी व्हायोलिनवाल्यामागे हात धुऊन लागतो, कारण हा बडा हेर आपलंच बिंग फोडायला आलाय असं त्याला वाटतं.

मग हिरोकडे काय लागतं? या जातीच्या सिनेमांत तीन तऱ्हेचे हिरो दिसतात. पहिला, ज्याला काहीच माहीत नाही. दुसरा, ज्याला माहीत आहे की आपल्याला दुसराच कोणी समजलेत, तो ओरडून सांगतो आणि कोणी ऐकत नाही. कॅप्लन समजला गेलेला माणूस या तऱ्हेचा. तिसरी तऱ्हा १९९७च्या ‘द मॅन हू न्यू टू लिटल’ मध्ये आहे. बिल मरे त्यात लंडनला भावाकडे आलेला अमेरिकन आहे. प्रेक्षकानंच पात्र व्हायचं अशा एका नाट्यप्रयोगाचं तिकीट भाऊ त्याला देतो, आणि टेलिफोनच्या खोक्यात त्याला भलताच फोन येतो, खऱ्या मारेकऱ्यासाठीचा. तेव्हापासून त्याला प्रत्येक बंदूकवाला हा नट वाटतो. तो घाबरत नाही, उलट त्यांच्या अभिनयाचं कौतुक करतो, आणि त्याचं ते बेफिकीर वागणं बघून अट्टल हेरांची गाळण उडते. इथे गैरसमज दुहेरी आहे. ते त्याला हेर समजतात, तो त्यांना नट समजतो, आणि दोघांचं बोलणं तासभर बिनचूक जुळत राहतं.

माझा कल पहिल्या तऱ्हेकडे आहे. ती सगळ्यांत अवघड. नटाला विनोद माहीत असून तो चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही. पिएर रिशार दाराशी झगडतो, अडखळतो, पण कुठेही ‘बघा मी किती गमतीदार आहे’ असं प्रेक्षकाकडे बघत नाही. त्याला त्या वेळी खरंच दार उघडायचं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच विनोदी सिनेमांत पार्श्वसंगीत, डोळे वटारणं आणि मोठ्यानं बोलणं यांनी प्रत्येक विनोदाखाली रेघ मारली जाते. गैरसमजाच्या विनोदाला ती रेघ मारून टाकते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे संयमानं विनोद करणारे नट रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या झालेत आणि आजही आहेत.

भीतीचं काय? एका निरपराध माणसामागे शस्त्रं घेऊन लोक लागलेत, तरी आपण हसतो, हे निर्दयपणाचं नाही का? सिनेमा सुरुवातीपासून आपल्याला एक हमी देऊन ठेवतो की या माणसाला काही होणार नाही. गोळी सुटायच्या क्षणी तो बुटाची नाडी बांधायला वाकेल. ती हमी काढून घेतली की काय होतं, ते आपल्या मुंबईनंच १९८३ साली दाखवलं. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये दोन भोळ्या छायाचित्रकारांच्या हाती खुनाचा पुरावा लागतो. महाभारताच्या नाटकात बिल्डर, अधिकारी, नट आणि द्रौपदीच्या साडीतलं प्रेत असा जो गोंधळ होतो, तो बघताना हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. आणि शेवटी खोट्या आरोपात अडकवलेले तेच दोघं कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालतात, गळ्यावरून हात फिरवतात, आणि थिएटरमध्ये कोणी हसत नाही. दोन्ही प्रसंगांतला खोटेपणा एकाच जातीचा आहे, फक्त दुसऱ्या वेळी वाचवणारा कोणी नाही.

आज मोबाइल आणि कॅमेऱ्यांच्या काळात असे गैरसमज होणार नाहीत, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. आपला पेटीवाला आता महिन्यातून तीनदा कल्याणला गेल्याची नोंद आपोआप होते, तबलजीला दिवसातून सहा वेळा फोन केल्याची होते, पालिताण्याला पैसे पाठवल्याची होते. माहिती वाढली म्हणून अर्थ लावणाऱ्याच्या मनातला आधीचा अंदाज बदलत नाही. त्याला अंदाजात बसवायला जास्त ठिपके मिळतात. एखाद्या मराठी लेखकानं हे लिहायला घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. साहित्य सगळं इथेच पडलंय.

आणि असा सिनेमा बघणार असाल तर दोन गोष्टी. शक्यतो चारजणांबरोबर बघा. गुपित आपल्याला माहीत आहे आणि पडद्यावरच्यांना नाही, ही मजा शेजारचाही तेच जाणून असला की वाढते. शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथला भरल्या नाट्यगृहात फार्स पाहिलेल्यांना हे सांगायला नको. दुसरं, पहिली वीसेक मिनिटं पुढे ढकलू नका. तिथे साहेबांचं आपसातलं राजकारण असतं, नावं असतात, कोण कोणावर डाव टाकतोय ते असतं, आणि ते जरा रटाळ वाटतं. पण पुढे व्हायोलिनवाला नुसता दात घासताना दिसला तरी तुम्हाला हसू फुटतं, ते त्या वीस मिनिटांत कानावर पडलेल्या माहितीमुळे.